शेवटच्या माणसाची जागा

सूनबाई,

तुझी सासू गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवशी तिचे पळायचे बूट दाराशीच पडले होते, नाड्या न सोडता ओढून काढलेले. ती गाठ रोज मी सोडायचो, कुरकुर करत.

गुडघा सुजला म्हणून तू माझे बूट कपाटावर लपवलेस. मी स्टुलावर चढून काढले. स्टूल मोडलं, गुडघा ठणठणीत आहे. पळायला चाललो आहे.

रागावू नकोस. तिच्या ग्रुपची मंडळी बागेच्या फाटकापाशी थांबतात. शेवटचा माणूस पोचल्याशिवाय कोणी चहाला हलत नाही. शेवटची कायम तीच असायची. आता ती जागा मी सांभाळतो. मी गेलोच नाही, तर ते थांबणार कोणासाठी?

वेगाचं विचारू नकोस. काल एक हातगाडीवाला मला मागे टाकून गेला आणि वर म्हणाला, "आजोबा, काही हरवलंय का?"

आल्यावर मुकाट्याने बर्फ लावून बसेन. तेव्हा हवं तेवढं बोल.

फक्त आवराआवर करताना तिच्या बुटांना हात लावू नकोस. ती गाठ सोडायची अजून राहिली आहे.