शेवटची बत्तीस पानं आणि एक कंदील

मी, त्सुरुमी ईने, वय त्र्याऐंशी, राहणार मोजी, बंदरावरच्या चढाचं घर, व्यवसाय मंगा, म्हणजे चित्रकथा, काढणे, आज नोटरी ओकामुरासाहेबांसमोर बसून माझ्या पश्चात काय व्हावं ते तोंडी सांगत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसावी. कोणी दबाव आणलेला नाही. आणायला आता घरात कोणी फिरकत नाही.

मला लिहिता-वाचता येत नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, "आजी, खरंच? तुमची सव्वीस पुस्तकं माझ्या कपाटात आहेत." खरंच. चित्रं माझी. अक्षरं कोणाची ते पुढे येईल. मी बोलेन तसं लिहावं, गाळू नये आणि मुख्य म्हणजे सुधारू नये.

कलम एक. घर नात चिहारु हिला, मांजरासकट. न्हाणीवरचं छत गळतं, ते तिला ठाऊक आहे. बँकेतली शिल्लक मुलगी आकिए हिला. तिने घरावरून कुरकुर करू नये. हा चढ चढायचा तिला तरुणपणीही कंटाळा होता.

कलम दोन. टाक, कुंचले आणि शाई उगाळायचा दगड सहायिका वाकाना हिला. अठरा वर्षं तिने माझ्या पानांवर काळं भरलं. काळं माझ्याकडे फार. जाणकारांनी त्याला अंधाराचं तत्त्वज्ञान म्हटलं. मी कोळशाच्या खाणीवर जन्मले, दुसरा रंग बघायला मिळाला नाही एवढंच. दारासमोर खाणीतून उपसलेल्या दगडमातीचा डोंगर होता. तो आतून जळायचा आणि पाऊस पडला की वाफ सोडायचा. मला तो निजलेला ड्रॅगन वाटे. म्हणून माझ्या ड्रॅगनला पंख नाहीत, तो बोगद्यांतून सरपटतो. शाळेत मी पाठीवर धाकटा भाऊ बांधून जायची. तो रडला की मास्तर म्हणायचे, "जा घरी." तो रोज रडायचा. शिक्षण तिथेच संपलं.

कलम तीन. माझ्या मेजावरचा कोळशाचा खडा माझी गोष्ट छापणाऱ्या मासिकाचे संपादक निशिगाकी यांना. एकोणिसाव्या पुस्तकातला तो मुका भाग, ज्यात कोणी एक शब्द बोलत नाही, त्याला पारितोषिक मिळालं. निशिगाकींनी भाषणात "मौनाचं धाडस" असं काहीतरी सांगितलं. त्या महिन्यात वन्सं तापाने फणफणल्या होत्या. पात्रांच्या तोंडाशी काढतात त्या फुग्यांत शब्द भरायला कोणी नव्हतं, म्हणून मी फुगेच काढले नाहीत. खडा बघून हे त्यांना आठवावं.

कलम चार. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण, त्सुरुमी मित्सुए. सासरचं पुस्तकं भाड्याने द्यायचं दुकान होतं. नवरा इसाओ लवकर गेला. दुकानात बसून मी वाचता न येणाऱ्या पुस्तकांतली चित्रं बघायची, मग काढायला लागले. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, हे पाठवू या." तेव्हापासून रीत ठरली. मी पान काढायचं, कोण काय म्हणतं ते सांगायचं, त्यांनी ते पेन्सिलीने फुग्यात लिहायचं. छापखाना त्यावर छापील अक्षरं बसवी. नाव मात्र एकट्या माझं छापलं गेलं. त्यांनी मागितलं नाही, मी दिलं नाही. यापुढे प्रत्येक पुस्तकावर दोघींचं नाव, सारख्या आकारात छापावं. आकार चिहारुने पट्टीने मोजावा.

कलम पाच, आणि हे मला दमवणारं आहे. सातव्या पुस्तकात नागी नावाची पोर डोंगराखालचं राज्य सोडून निघते आणि फाटकाशी म्हाताऱ्या ड्रॅगनला विचारते, "मी गेल्यावर काय?" मी सांगितलं होतं, ड्रॅगन म्हणतो, "परत येऊ नकोस." वन्संनी लिहिलं, "दारात कंदील ठेवीन."

मला कळलं नाही. जपानभर ते वाक्य गाजलं, कपांवर छापलं गेलं. माणसं माझा हात धरून रडायची, "तो कंदील, बाई," आणि मी मान डोलवायची. म्हटलं असेल काहीतरी. वाचक पत्रं पाठवायचे की पुढच्या एकोणीस पुस्तकांत कंदील दिसत का नाही. निशिगाकी म्हणायचे, यातच खोली आहे.

आठ वर्षांपूर्वी चिहारुने ते पुस्तक मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी वन्संना विचारलं, "माझ्या ड्रॅगनच्या तोंडात तुम्ही कंदील कोंबलात?"

"तुझा ड्रॅगन दगड होता, वहिनी. कोणीतरी त्याला माणसात आणायला नको?"

"दगडच राहू द्यायचा होता."

"मग आपली अक्षरं आपण शीक."

मग वन्सं सामुद्रधुनीपलीकडे शिमोनोसेकीच्या वृद्धाश्रमात गेल्या. बोटीने पाच मिनिटं लागतात. आठ वर्षं कोणी ती बोट धरली नाही. मासिकाने छापलं, लेखिकेची प्रकृती ठीक नाही.

लग्न होऊन निघाले तेव्हा बापाने खाणीच्या फाटकाशी एवढंच म्हटलं होतं, "परत येऊ नकोस." त्याहून मायेचं मला कोणी बोललेलं नाही. पुढल्या वर्षी तो खाणीत खालीच राहिला. हे मी वन्संना कधी सांगितलं नाही, मग त्यांना कळणार कसं. आणि इसाओ गेल्यावर मी भांडून, पोर पाठीशी बांधून दुकान सोडलं होतं. तीन दिवसांनी दिवेलागणीला परतले. दुकान बंद होतं आणि दारात कंदील टांगलेला. वन्संनी कुठे गेलीस ते विचारलं नाही, "जेवायचंय का" एवढंच म्हणाल्या. हे मात्र त्यांनी मला सांगायची गरज नव्हती. मीच विसरले. आठवायला आठ वर्षं लागली.

कलम सहा. माझी गोष्ट दुसऱ्या कोणी पुढे काढू नये, माझ्यासारखा हात असला तरी. शेवट झालेला आहे. बत्तीस पानं तीन वर्षांत काढली. नागी परत येते. शेवटच्या पानावर दार आहे आणि दारात कंदील, मी काढलेला पहिला. ड्रॅगन काहीतरी म्हणतो. फुगा रिकामा आहे. मोठा ठेवलाय, वन्सं नेहमी मी सांगितल्यापेक्षा जास्त लिहायच्या. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. ही पानं त्यांना मिळावीत. त्यांनी नाही लिहिलं तर फुगा तसाच छापावा, निशिगाकी अर्थ काढतील.

कलम सात. सहावं कलम सांगून झाल्यावर मी साहेबांना विचारलं, हे उघडणार कधी? ते म्हणाले, "आजी, तुम्ही गेल्यावर." मग काय उपयोग. वन्सं एक्क्याऐंशीच्या आहेत, आणि शब्द मला ऐकायचे आहेत. चिहारु बाहेर बाकावर बसली आहे. वारसाला आत बसता येत नाही म्हणे. पानं तिच्या पिशवीत आहेत. हे आटोपलं की ती तीनची बोट धरेल. मी जेट्टीवर बसून राहीन, माझ्याने पलीकडे जाववत नाही. साहेब विचारतात, मग सहावं कलम खोडू? राहू द्या. बोटी उशिरा येतात, आणि वन्सं हट्टी आहेत.

शेवटचं. लिहिणारा आणि वाचून दाखवणारा एकच नसावा. हा मजकूर मला साहेबांनी नव्हे, साक्षीदार सोएदाबाईंनी वाचून दाखवावा.

नोटरीची नोंद: त्याप्रमाणे मजकूर सोएदा मासाको यांनी वाचला व मीही वाचला. सांगणारीने मध्ये दोनदा थांबवून बापाने फाटकाशी म्हटलेलं वाक्य पुन्हा ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. या खेपेला काही बदललेलं नाही." मग, "त्याचंच वाईट वाटतंय थोडं." अक्षरओळख नसल्याने सहीऐवजी तिचा शिक्का घेतला. शिक्क्याशेजारी तिने टाकाने काढलेल्या लहान कंदिलास कायद्याने अर्थ नाही. तो खोडलेला नाही.

साक्षीदार: सोएदा मासाको, सार्वजनिक न्हाणीघराच्या मालकीण (सही)
साक्षीदार: इवामोतो ताकेजी, निवृत्त दंतवैद्य (सही)
नोटरी: ओकामुरा (सही, शिक्का)
मोजी, रेइवा शकाचं सहावं वर्ष (२०२४), १४ नोव्हेंबर, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे.