आईच्या नव्या गोधड्या

याकोब,

नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या वाटपासाठी तू चर्चमध्ये फाटक्या गोधड्या दिल्यास आणि आईने शिवलेल्या नव्या आठवण म्हणून कपाटात ठेवल्यास. दुखणं अंगावर काढून तिने त्या ऊसतोडीच्या बायकांसाठी शिवल्या होत्या, कपाटासाठी नाही. "जे आपल्याला पांघरवत न्हाई, ते दुसऱ्याला द्यायचं न्हाई," हे ती दर नाताळाला म्हणायची. तुझे कान कुठं होते?

सगळ्या नव्या घेऊन मी कडा गावाला, ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांवर चाललोय. एक तरी ठेवावी असं मलाही वाटलं. तिचे टाके चाचपले आणि तीही गाठोड्यात बांधली.

फाटक्या परत मागून आणल्यात. तुझ्या पलंगावर आहेत. आज त्याच पांघर. थंडी वाजली की आईची आठवण येईल.

भाकरी टोपल्यात आहे.

पप्पा