तिसऱ्या फरशीखालचा कोळसा

मी, कडुबा भिकाजी साळवे, वय वर्षे त्र्याहत्तर, शिक्षण चौथी पास, मोजणी मजूर म्हणून निवृत्त, राहणार नवे नगर, सेक्टर सात, चिकलठाण्याच्या पुढे, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत टाचली आहे. अक्षर वाकडे आहे ते साखरेच्या आजारामुळे. भीतीही आहे, तिचे कारण खाली लिहिले आहे.

हा कागद माझ्या मरणाची वाट न पाहता परवा सोमवारी वाचावा, रस्ता रुंद करणारे मोजणीला येतील त्याच्या आधी. वकील म्हणाले, असे मृत्युपत्र नसते. नसू द्या.

कलम पहिले, हत्यारे. माझी मोजणीची लोखंडी साखळी, ओळंबा आणि सब्बल, म्हणजे पहार, सून सरिता हिला द्यावीत. मुलगा अतुल भंगारात घालील. सरिताने एकदा विचारले होते, "मामा, इथं आधी रस्ते आले का माणसं?" इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारले नव्हते. आधी खुंट्या आल्या. बोरखेडीच्या शिवारात ज्वारीची धसकटे होती, त्यात आम्ही चुन्याच्या रेघा मारल्या. मग दिव्याचे खांब आले. दिव्याखाली माणूस नव्हता, कोल्हे बसायचे. मग घरे, बस, दवाखाना, दोन मंगल कार्यालये. पेट्रोल पंपाच्या जागेची खुंटी माझी. शाळेच्या फाटकाची खुंटी माझी. त्यातली एकही बोटभर हलली नाही. एक दगड सोडून.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते माझी पत्नी मनकर्णाबाई हिचे. तिच्या हयातीत कुणी मागू नये. अतुलने तर विचारूसुद्धा नये.

कलम तिसरे, घर. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले. प्लॉट क्रमांक एकशे बारा, चार खोल्या, पुढे ओटा, अंगणात कडुलिंब. घर अतुलला देतो. पण किती घर उरेल ते मला माहीत नाही, म्हणून पुढचे नीट वाचावे.

आमची पहिली मुलगी अडीच महिन्यांची होऊन गेली. नाव ठेवले नव्हते. तिला त्या लिंबाखाली पुरले. तेव्हा ते रान आता समोर राहणाऱ्या दांडगे कुटुंबाचे होते. आठ वर्षांनी रान नव्या नगरात गेले आणि मी तिथेच मोजणीच्या कामाला लागलो. आप्पासाहेब म्हणून मोजणीदार होते. हद्दीचा दगड रोवण्याआधी खड्ड्यात चार मुठी कोळसा टाकायचा, ही त्यांची शिस्त. म्हणायचे, "कडुबा, दगड माणूस हलवतो. कोळसा कुजत नाही, आणि तो काढायचं कुणाला सुचत नाही."

रस्त्याच्या कडेचा चौदा नंबरचा दगड असा पडला की रस्ता लिंबावरून जात होता. साहेब भाकर खायला गेले. मी दगड उपटला, नऊ फूट पलीकडे रोवला, जुना खड्डा बुजवला. कोळसा खालीच राहिला. साहेबांनी परत येऊन त्याच दगडावरून साखळी धरून रस्ता आखला. माझ्यावर भरवसा होता, म्हणून तपासले नाही. पुढे मी हाच प्लॉट मागून घेतला. मनकर्णा घरातल्यांना सांगत आली, "रस्त्यानं लेकराला वाट दिली."

ते नऊ फूट समोरच्या रामकिसन दांडगे याच्या बाजूने गेले. आता रस्ता मधल्या रेषेपासून दोन्हीकडे सारखा रुंद होणार आहे. लाल रेघ त्याच्या पिठाच्या गिरणीतून आणि पुढच्या खोलीतून जाते. त्या खोलीत त्याची आई पारूबाई अंथरुणाला खिळून आहे. माझ्या ओट्याला रेघ शिवतही नाही. दगड खऱ्या जागी असता तर त्याची गिरणी वाचली असती. माझी पुढची खोली आणि लिंब गेला असता.

रामकिसनशी माझा बावीस वर्षे अबोला आहे. लिंबाचा पाला गिरणीत येतो म्हणून तो चारचौघांत ओरडला होता, "तोड की ते झाड! खाली काय हंडा पुरलाय का?" त्याला ठाऊक नव्हते हे मला ठाऊक होते, तरी मी माफ केले नाही. त्याच्या भिंतीवर लाल रेघ पाहिली त्या दिवशी, खरे लिहितो, मला बरे वाटले. संध्याकाळी तो टेप घेऊन आईची खाट मोजत होता, मागच्या खोलीच्या दारातून जाते का म्हणून. जात नव्हती. तेव्हापासून हे कलम लिहितो आणि फाडतो.

अतुलला सांगितले. तो म्हणाला, "बाबा, गप बसा. सरकारनं मोजलंय." मी म्हणालो, "सरकारनं नाय, म्या मोजलंय." तो डबा न घेताच कंपनीत गेला. त्याला वर मजला चढवायचा आहे, त्याचेही चूक नाही.

मनकर्णाला सांगायला जास्त भ्यालो. ती गहू निवडत होती. म्हणाली, "तुम्ही दगड हलवला, ते मला कळत नाय व्हय? रस्त्याला कुठं काळीज असतंय!" मग खडे काढता काढता म्हणाली, "पुरायच्या आधी म्या पारूबाईला इचारलं व्हतं. ती म्हणली, रान लई मोठं हाय, लेकरू केवढं!"

हे मला आजवर माहीत नव्हते.

म्हणून लिहून देतो की दगडाची खरी जागा माझ्या ओट्यावर, उंबऱ्यापासून तिसऱ्या फरशीखाली आहे. सोमवारी फरशी काढून खणावे, कोळसा निघेल. आजच्या दगडाखाली खणावे, तिथे निघणार नाही. शिक्षा असेल ती मला द्यावी, अतुलच्या नोकरीला धक्का लागू नये. लिंब जाणार असेल तर आधी मुळाशी एक टोपले माती काढून मनकर्णा सांगेल तिथे ठेवावी. सब्बल हळू चालवावी.

कलम चौथे. माझ्यामागे बुद्धवंदना म्हणावी, जेवणावळ नको. याआधी लिहिलेले सगळे कागद रद्द समजावेत.

दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी ठेवली आहे. उद्या सकाळी हा कागद घेऊन मी रस्ता ओलांडणार आहे. चोवीस पावले आहेत, मी मोजली आहेत.

ठिकाण: नवे नगर, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १७ जानेवारी २०२६, शनिवार
सही: कडुबा भिकाजी साळवे

साक्षीदार १: सम्यक इंद्रजीत गवई, प्लॉट एकशे तेरा. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: रामकिसन दांडगे, १८ जानेवारी. कडुबाने माझ्या दारात येऊन ही सही आपलीच असल्याचे सांगितले. कागद आईला वाचून दाखवला. तिला लेकरू आठवते. मला आजवर कुणी सांगितले नाही. अबोला कायम आहे. माती काढताना हाक मारा, टोपले मी आणतो.