शोमरोनी कोण होता

सिस्टर,

गुरुवार, सात ऑगस्ट, सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटं. तिसरा तास. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत तेव्हा व्हरांड्यातलं घड्याळ बरोबर समोर होतं आणि तास संपेपर्यंत पाहायला दुसरं काही नव्हतं. मी सातवीत होते. आता निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात, अर्धे दात विकतचे आहेत. इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावर रागावणं शोभत नाही, असं मुलगा म्हणतो. शोभण्याचं वय माझं सरलं. तक्रार नोंदवून घ्या.

घंटा झाली की आपल्या शाळेत वर्ग दुभंगायचा. ख्रिस्ती मुली बायबलच्या तासाला मदरकडे जायच्या, आम्ही बाकीच्या जागेवरच बसून तुमच्याकडे मॉरल सायन्स शिकायचो. तुम्ही सांगितलेली गोष्ट अशी होती: एका वाटसरूला चोरांनी मारून रस्त्यात टाकलं. दोन घाईत असलेले गृहस्थ त्याला पाहून पुढे गेले. मग एक दयाळू प्रवासी आला, त्यानं जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेलं. तात्पर्य, दयाळू व्हा. मी वहीत लिहून घेतलं. मधल्या सुट्टीत शेजारणीचं बायबलचं पुस्तक चाळलं तर तीच गोष्ट, पण त्यात माणसांना ओळख होती. पहिला याजक होता, देवळातला पुजारी. दुसरा लेवी, म्हणजे देवळातलाच सेवेकरी. आणि थांबला तो समॅरिटन. याजक आणि लेवी यांचे तुम्ही दोन घाईत असलेले गृहस्थ केलेत, सिस्टर. गुन्हा धर्माचा होता, तुम्ही तो वेळापत्रकाचा केलात.

पुढच्या तासाला, म्हणजे त्या गुरुवारी, मी उभी राहून विचारलं की तो दयाळू प्रवासी कोणत्या जातीचा होता. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरलेला चेहरा होता तो, पण सातवीतल्या मुलीला तो रागाचा वाटला. 'आउट,' एवढंच म्हणालात.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला शिवणाच्या खोलीत बोलावलंत. वसईच्या तुम्ही, दिल्लीतल्या त्या सगळ्या शाळेत माझ्याशी मराठी बोलणाऱ्या एकट्याच, आणि तेही दार लोटून. तुम्ही मशीनमध्ये दोरा ओवता आहात, सुईचं नाक सापडत नाहीये, आणि माझ्याकडे न पाहताच बोलता आहात.

'अगं, तुझ्या आईनं तुला इथे इंग्रजी शिकायला पाठवलंय. उद्या ती म्हणेल, पोरीला बाटवायला निघाल्यात. शाळेला टाळं लावायचंय का तुला?'

'पण सिस्टर, तो कोण होता?'

'शोमरोनी. समॅरिटन म्हणतात तोच. त्यांचा डोंगर वेगळा, यांचं, म्हणजे यहुद्यांचं, देऊळ वेगळं. मोशेची पाच पुस्तकं मात्र दोघांचीही. पण त्यांचं भांडं यांना चालायचं नाही. कळलं? आता जा, नाहीतर बस चुकेल.'

कळलं. त्या दिवशी करोल बागेतल्या आमच्या घरी पोचल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत तो कान तुटलेला कप दिसला. संडास साफ करायला येणाऱ्या बाईचा. रोज दिसायचा, त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आई वरून चहा ओतायची, कपाला किटली लागू न देता, एक थेंब न सांडता. त्या हातांचं मला कौतुक होतं. मी आईला काही विचारलं नाही. एकदा बाहेर उभं राहून झालं होतं.

माझा राग कशावर आहे ते आता नीट सांगते. तुम्हाला ठाऊक होतं. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही त्याच्या हातून जीव वाचला तर काय करशील, हा त्या गोष्टीचा प्रश्न आहे. बायबलातून एवढी एक गोष्ट आमच्या करोल बागेत नीट पोचली असती तर पुरे होतं. कुणाला बाप्तिस्मा घ्यावा लागला नसता, फक्त एक कप फोडावा लागला असता. तुम्ही वर्गाला दया दिलीत आणि खरं काय ते मला एकटीला दिलंत, दार लोटून, एखाद्या वाईट बातमीसारखं. मग छत्तीस मुली दयाळू होऊन बाहेर पडल्या. दयाळू बायका काय करतात ते मी पुढे सरकारी कचेरीत जन्मभर पाहिलं. त्या शिपायाला दिवाळीला मिठाई देतात आणि त्याच्या डब्यातली भाजी घेत नाहीत.

आता नोएडाचं ऐका. इथे आमच्या सोसायटीच्या क्लबरूममध्ये दर रविवारी दहाला मी मुलांना गोष्टी सांगते. सगळे देव, सगळे धर्म, भेदभाव नाही. मुलांना मी आवडते, कारण मी ओरडते पण गृहपाठ देत नाही. गेल्या रविवारी तुमची ही गोष्ट सांगितली, आणि सवयीनं तुमच्याच शब्दांत: एक दयाळू प्रवासी. सी ब्लॉकमधली एक आठ वर्षांची मुलगी म्हणाली, 'दादी, पर वो था कौन?'

मी तिला बाहेर उभं केलं नाही. म्हटलं, 'समझो, वो जो सुबह हमारा कूड़ा उठाने आते हैं, सर्व्हिस लिफ्ट से, उन में से एक।' ती म्हणाली, 'तो ठीक होने के बाद वो आदमी उसको अपनी वाली लिफ्ट में आने देगा?'

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडले. एकांच्या मते मी मुलांना ख्रिस्ती करत होते, दुसऱ्यांच्या मते घरात जात आणत होते, जणू ती आजवर गेटवर पास काढायला थांबली होती. सेक्रेटरी घरी आला. सज्जन आहे, माझ्या मुलाच्या वयाचा, चहा पूर्ण प्याला. 'आंटी, आप कहानी सुनाइए, समाज मत सुधारिए। इस संडे बस इतना कह दीजिए कि वो एक अच्छा आदमी था। बात ख़तम। वरना मुझे क्लबरूम की चाबी लेनी पड़ेगी।' तो गेल्यावर मी कप उचलले. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई ओट्यापाशी तिचा चहा पीत होती, तिच्या मगमधून. तो मग वेगळा आहे, सिस्टर. त्याचा कान शाबूत आहे, त्यावर फुलं आहेत. दोन पिढ्यांत एवढी प्रगती झाली.

आज शुक्रवार. चावी माझ्या पर्समध्ये आहे. रविवारच्या त्या अकरा मुलांखेरीज आठवडाभरात माझ्याशी कुणी पाच मिनिटंसुद्धा बोलत नाही, हे मुलाला ठाऊक नाही, त्याला सांगणारही नाही. काल आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिलं: एक अच्छा आदमी था. फार सहज जमलं. तुम्हालाही असंच सहज जमलं असेल का, की तुम्ही रात्रभर जागला होतात, हे विचारायचं राहून गेलं. तुमच्यामागे निदान एक शाळा होती. माझ्यामागे एक क्लबरूम आहे, तीही पाळीपाळीनं वाढदिवसांना देतात.

तेव्हा मला तुमचं लेखी उत्तर हवं आहे. रविवारी सकाळी दहाच्या आत. पत्ता लिहीत नाही आणि पाकीटही आणलेलं नाही, पण मुदत वाढवून मिळणार नाही. आणि एक कबूल करते. इतकं भांडून मी तुमच्याकडे खरं सांगायची परवानगी मागते आहे असं वाटेल. तसं नाही. मला मनाई हवी आहे, तुमच्या हस्ताक्षरात, म्हणजे त्या मुलीनं पुन्हा विचारलं तर मला म्हणता येईल की सिस्टर नको म्हणाल्या.