सातवं गाणं, तिसरं कडवं

४ फेब्रुवारी, मंगळवार

ती गिटार माझी आहे. सातवं गाणं, तिसरं कडवं, दोन मिनिटं अकरा सेकंद. शंका नाही!

नीट लिहिते. वाद्यांच्या दुकानदाराने शहरातल्या अकरा बँडची अकरा गाणी एका सीडीवर आणली आहेत. कुठल्या कंपनीच्या नादी न लागता आपापल्या गॅरेजात, गच्चीवर, मागच्या खोलीत रेकॉर्ड केलेली. जेवणाच्या सुट्टीत पंपहाउसच्या पायरीवर बसून ऐकली. पहिल्या गाण्याचा गायक बादलीत डोकं घालून गातो. दुसऱ्यात सगळी वाद्यं एकाच दारातून आत घुसायला बघतात. चौथ्यातला बेस इतका स्वच्छ की दोनदा मागे नेऊन ऐकला. पाचवं नऊ मिनिटांचं आहे, सहा पुरली असती. पण कुणीही कुणासारखं वाजवत नाही. हे आवडलं.

सातवं आमचं. म्हणजे त्यांचं. मी दोन वर्षांपूर्वी बँड सोडला.

तिसरं कडवं सुरू होताना सगळे थांबतात आणि गिटार किंचित उशिरा येते. ती उशिराची जागा जगात एकाच माणसाने वाजवली आहे. कव्हरवर मात्र: ड्रम — आमचा दादा. गाणं — शिंपी (कपडे शिवतो, आणि गातोही). बेस — लंबू. गिटार — मला माहीत नसलेली कोणी मुलगी.

माझं नाव कुठेही नाही. आभारातसुद्धा नाही. आभारात चहावाला आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

कामावरून परस्पर दुकानात गेले. दुकानदार काउंटरवर तारा गुंडाळत होता.

"ताई, असे दावे रोज येतात. काल एक जण म्हणाला, नवव्या गाण्यातला कुत्रा त्याचा आहे."

"माझ्याकडे पुरावा आहे."

"मग आणा. दुसरी खेप सतराला छपाईला जाते. सोळाला संध्याकाळी सहापर्यंत जे हातात येईल ते छापीन. नंतर देव आला तरी नाही."

अकरा दिवस. पुष्कळ झाले. मी रोज पंपांची कंपनं मोजते. कुठलं बेअरिंग कधी जाणार ते महिनाभर आधी सांगते आणि ते जातं. एक गिटार ओळखायला अकरा दिवस कशाला लागतात?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जुना डेमो पेनड्राइव्हवर होता. शिंप्याच्या मागच्या खोलीत एका माइकवर, एका दमात घेतलेला. त्याचा आणि सीडीचा आलेख एकाखाली एक लावला. डेमोत गिटार ०.३१ सेकंद उशिरा येते. सीडीवर ०.३०.

दोन माणसं इतकी सारखी उशिरा येत नाहीत. माझंच रेकॉर्डिंग वापरून वर दुसरीचं नाव टाकलंय.

फिटर मामा मागून डोकावले. "कुठला पंप हा?"

"पंप नाही, गाणं आहे."

"बाई, सुट्टीतही कानच? माणसाने कधीतरी तोंड वापरावं. विचार की तुझ्या भावाला सरळ."

आधी पुरावा, मग तोंड. माझी पद्धत हीच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

दादाला फोन केला. दोन महिन्यांनी. आधी वहिनीने उचलला — "अय्या, तुम्ही! कोण गेलं?" तिचा विनोद. मग तो आला.

"अगं मोजपट्टी, ते तुझं रेकॉर्डिंग नाहीये. सगळं नवीन घेतलंय. चष्मेवालीने वाजवलंय."

"०.३१ आणि ०.३०, दादा."

"ह्या आकड्यांना मी काय करू? लोणचं घालू?"

विश्वास ठेवला नाही. सगळं गाणं तपासणार. नुसती एक जागा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

माझं रेकॉर्डिंग नाही. लय वेगळी चालते, ओळीओळीला फरक पडत जातो. दादा खरं बोलला. माझा अंदाज चुकला.

(संध्याकाळी) पण मग ते जास्तच झालं ना! वाजवणारी दुसरी आणि जागा माझी. म्हणजे रचना माझी. वादक म्हणून नको, रचनाकार म्हणून नाव पाहिजे. हा दावा पहिल्यापेक्षा भक्कम आहे. दुकानदाराला तसं कळवलं. तो म्हणाला, अर्ज भरा, वर बँडची संमती आणा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संमतीसाठी सरावाला गेले. खोली तशीच आहे. कापडाचे गठ्ठे भिंतीला लावलेत, त्यामुळे आवाज फुटत नाही. लंबू अजून डोकं दाराच्या चौकटीला आपटतो. शिंप्याच्या गळ्यात टेप.

"या बाई," शिंपी म्हणाला. "माप घ्यायला आलात की द्यायला?"

चष्मेवाली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. स्वतःला चष्मा नाही. मला वाटलं होतं आखडू असेल. खुर्ची पुसून दिली तिने मला! मग त्यांनी सातवं वाजवलं. तिसऱ्या कडव्याशी दादाने काठी वर धरली, सगळ्यांनी श्वास घेतला आणि एकदम ठोक्यावर उतरले. अंगावर काटा आला. हे फक्त इथे लिहितेय.

"याच जागेला लोक ओरडतात," लंबू म्हणाला. "नाहीतर तसं गाणं साधंच आहे."

"माझं गाणं साधं?" — शिंपी.

चष्मेवालीने मला बाजूला घेतलं. "ही जागा बसायला मला तीन महिने लागले, ताई. डेमो ऐकून ऐकून. तुम्ही तिथे काय मोजता? दीड ठोका? की मोजतच नाही?"

मी म्हटलं, "आतल्या आत दीड."

तिने लगेच वहीत लिहून घेतलं.

संमतीच्या कागदावर तिघांनी सह्या केल्या. सगळ्यांत आधी चष्मेवालीने. "त्यांचंच आहे ना ते," म्हणाली. दादा बाहेर गेला होता, त्याची तेवढी राहिली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खोटं बोलले तिच्याशी. दीड वगैरे काही नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आता लिहूनच टाकते. नाहीतर डोक्यात फिरत राहील.

ती जागा मी रचलेली नाही. ती चूक होती. डेमोच्या दिवशी तिसऱ्या कडव्याला मी उशिरा शिरले. मान वर केली तर शिंपी आणि लंबू दोघंही माझ्याकडे बघत होते. गाणं संपल्यावर दादा म्हणाला, "चालतंय गं, होतं असं." परत घ्यायला वेळ नव्हता, माइक परत करायचा होता. तोच डेमो सगळीकडे गेला. जिथे जाईन तिथे माझी चूक वाजायची आणि लोक म्हणायचे, वा!

महिन्याने नोकरी लागली. घरात, बँडमध्ये, सगळ्यांना सांगितलं, वेळ मिळणार नाही. वेळ होता. पुष्कळ होता. लयीत चुकणारी माणसं मला सहन होत नाहीत आणि मी त्यातली एक निघाले होते.

आणि आता अर्जात एक ओळ आहे: "ही रचना मी विचारपूर्वक केली आहे." खाली सही. कोणी तपासणार नाही. तपासलं तरी सापडणार नाही.

आज तीन नंबरच्या पंपाचा अहवाल दिला. शेवटचा आकडा दोनदा तपासला. त्याखाली सही करायला काहीच वाटलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दादा स्वतः आला. सकाळी, हातात कागद, सही करूनच आणलेला. आई म्हणाली, "बघ, तू बोलावल्याशिवाय आला! जेवून जा." तो बसला नाही, उभ्यानेच पाणी प्यायला.

आई आत गेली तेव्हा मी सांगून टाकलं. ठरवलं नव्हतं.

"दादा, नाव नको. ती जागा मी बसवलेली नाही. मी चुकले होते त्या दिवशी."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"म्हणून सोडलंस?"

"नोकरी लागली म्हणून सोडलं."

"मोजपट्टी."

"हो. म्हणून सोडलं."

त्याने पेला ओट्यावर ठेवला. परत उचलला. परत ठेवला. मग भलतंच विचारलं — "तो डेमो आहे का तुझ्याकडे अजून?"

"आहे."

"ऐकतेस?"

"मोजते."

"नुसता ऐक एकदा. मोजू नकोस." आणि गेला. जेवायलाही थांबला नाही. आई माझ्यावरच चिडली. काय बोललीस त्याला?

दुपारी दुकानदाराचा निरोप: उद्या सहा, ताई. कुत्र्यावाल्याने पुरावा आणलासुद्धा!

ठरलं आहे. सही करणार नाही. जे केलं नाही त्याखाली माझं नाव नको. चष्मेवालीलाही खरं सांगायचं, तिने ते दीड वहीत लिहून ठेवलंय. झोप चांगली लागेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी डेमो लावला. मोजायच्या आधी मी नेहमी रेकॉर्डिंग गाळून घेते. पंखा, रस्ता, खुर्च्या, खटके, सगळं काढून. आज प्रथमच न गाळता ऐकला.

दोन मिनिटं दहा पूर्णांक चार. लाकूड फरशीवर पडल्याचा आवाज. मग दादाचा ठोका नाही. मग मी नाही. मग तो एका हाताने, आणि मी त्याच्याबरोबर.

उशीर झाला नव्हता. मी थांबले होते. त्याच्यासाठी.

साडेचारला अर्जावर सही केली, दुकानदाराच्या हातात दिला. मग दादाला फोन लावला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला आणि हॅलोही न म्हणता विचारलं, "सापडली काठी?"

"दोन वर्षं माहीत होतं तुला?"

"त्याच दिवशी सांगणार होतो गं. सगळे तुझ्याकडे बघत होते, माझ्याकडे कोणी नाही, मला बरं वाटलं. मग तू गेलीस, आणि सांगायचं कसं तेच कळेना."

मी फोन ठेवला नाही. त्यानेही नाही.