पिशोरच्या जमिनीतला माझा हिस्सा

मी, वच्छलाबाई मोतीराम मगरे, वय ५२, धंदा पिठाची गिरणी, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, माहेर पिशोर, तालुका कन्नड, असं लिहून ठेवते की माझी तब्येत ठणठणीत आहे, डोकं जागेवर आहे आणि माझ्यावर कुणाचा दाब नाही. शिक्षण चौथी. कायद्याचे शब्द वकीलबाईंचे, बाकी माझे.

१. राहतं घर माझ्या पश्चात माझे पती मोतीराम यांनी हयातभर वापरावं, नंतर ते मुलगी करुणा हिचं. हा माणूस आमच्या माहेरच्या घराला गिलावा करायला आला होता. आठवड्याचं काम, त्यानं महिना लावला. वडिलांना वाटलं गवंडी आळशी आहे.

२. गिरणी करुणाला. मिरचीच्या चक्कीत हळद दळू नये. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही, दुसरीकडं जातं.

३. बौद्धाशी पळून लग्न केलं म्हणून भाऊ गोकुळनं डोई भादरून माझं जितेपणी दहावं घातलं. तो विधी परत नको. मी गेल्यावर मालकांच्या बौद्ध रितीनं जलदान करावं, त्याला लोकांना पोटभर जेवू घालावं, भाषणं आवरती घ्यावीत.

४. यंदा भाऊबीजेला गोकुळ पहिल्यांदाच माझ्या दारात आला. हातात साडी, पिशवीत हक्कसोडीचा कागद.

"अक्का, भावाची साडी घ्यायची अन् जमिनीवरचा हक्क सोडायचा. रीत आहे."

"मेलेल्या बाईची सही चालती व्हय रे?"

"जुनं उकरू नको."

"नाय उकरत. चहा घे, दाजींनी केलाय."

घेतला. बशीत ओतून, सगळा. साडी मी ठेवून घेतली, रंग बरा होता. सही दिली नाही.

५. वडील फकिरा वाघ यांच्या पिशोरच्या जमिनीत कायद्यानं येणारा माझा सगळा हिस्सा गोकुळची मुलगी तनुजा हिला. पोरगी इथं नर्सिंग शिकते, रविवारी माझ्याकडं जेवते. तिला सम्यक आवडतो, कन्नडच्या डेपोतला मेकॅनिक. तोही आमच्या मालकांसारखाच बौद्ध. गोकुळनं तिला बजावलंय, त्याच्याशी लग्न केलंस तर ढेकूळसुद्धा मिळणार नाही. मी नेसत्या कपड्यांवर निघाले होते. तिनं सातबारा घेऊन निघावं.

या हिस्स्याला अट नाही. सम्यकशी लग्न केलं तरी तिचा, उद्या तो आवडेनासा झाला तरी तिचा. पोरगा चांगला आहे, पण जेवताना फोन बघतो. करुणाला विचारलंय. म्हणाली, "आई, त्या चिखलात मी कशाला जाऊ? देऊन टाक."

हे सगळं मी राजीखुशीनं लिहिलं, वाचलं आणि खाली सही केली.

वच्छलाबाई मोतीराम मगरे
मुकुंदवाडी, ९ डिसेंबर २०२५

साक्षीदार:
(मालकांना सही करायची हौस होती. ज्याला मिळतं त्यानं साक्षीला राहू नये, असं वकीलबाई म्हणाल्या.)

१) कारभारी दाभाडे, शेजारी.

२) केसरबाई गोकुळ वाघ, राहणार पिशोर. गोकुळची बायको, तनुजाची आई. दवाखान्यात जाते सांगून सकाळच्या एसटीनं आली. कलम पाच तिला दोनदा वाचून दाखवलं. म्हणाली, "वन्सं, पेन द्या."