पॅसेजमधले डाग

४ फेब्रुवारी

ज्याच्या घरी फरशी बसवली त्या इंजिनियरचा सकाळी सातला फोन. "अहो, तुमची फरशी काळी पडली!" बसवून वीस दिवससुद्धा झाले नाहीत. माझी धाकटी जाऊ चहा तसाच ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आम्ही दोघी सहा वर्षं फरशीची कामं घेतोय — असा फोन पहिलाच.

तशाच गेलो. काळी कसली! पण डाग आहेत, खोटं कशाला बोलू. बाकी घर लख्ख. फक्त पॅसेजमध्ये, त्याच्या आईंच्या खोलीपासून बाल्कनीकडे, भिंतीच्या कडेकडेने गडद धब्बे. फिकट, खडबडीत दगड, त्यामुळे नजर तिथेच जाते. सांधे तर चहा सांडल्यासारखे.

"बायकांना काम दिलं, माझंच चुकलं," इंजिनियर म्हणाला.

म्हटलं, "माझी चूक निघाली तर माझ्या हाताने उखडून देईन. नाही निघाली, तर हे वाक्य परत घ्यायचं!"

पंधरा दिवस दिलेत. मग दुसरी माणसं आणणार.

आई चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. गेल्या वर्षी खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, आता चालणं विसरा. खुर्ची अडू नये म्हणून तर आम्ही उंबरे काढून सगळं घर एका पातळीत घेतलं. त्या म्हणाल्या, "राहू देत रे डाग. मला चालतात." इंजिनियरने ऐकलंच नाही.

६ फेब्रुवारी

परवा डागांवर प्लास्टिक अंथरून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. खालून ओल येत असती तर आतून थेंब धरले असते. आज काढलं — कोरडं ठणठणीत! नळ गळत नाही, आमचा मालही ओला राहिलेला नाही. इंजिनियरला दाखवलं. "मग दगडच वाईट असेल." दगड त्यानेच निवडलेला! मी आठवण करून दिली. धाकटीने मागून कोपर मारलं.

८ फेब्रुवारी

साबणपाण्याने हटत नाही. डाग ओढून घ्यायला पांढरी भुकटी थिनरमध्ये कालवून लेप दिला, वर प्लास्टिक. उद्या-परवा कळेल. कंबर धरलीय.

१० फेब्रुवारी

लेप खरवडला. पिवळा झालाय! बोटांवर चोळून वास घेतला. तेल! दगडाने तेल प्यायलंय. वरून, खालून नाही.

आईंच्या पायांना दुपारी मालिश करायला एक बाई येते. तिला विचारलं, सांडतं का कधी? ती भडकलीच. "खोलीत करते, खाली चादर घालते. थेंब दिसला तर काम सोडीन!" मला तिचं पटलं. माझ्यासारखीच बोलत होती.

११ फेब्रुवारी

खराब सांधे खरवडून नव्याने भरले. आता दोन दिवस सुकू द्यायचे.

१३ फेब्रुवारी

पुन्हा काही मुरू नये म्हणून दगडावर सीलरचे दोन हात दिले. पॅसेज नव्यासारखा. धाकटी म्हणाली, "ताई, बघ तरी एकदा उभी राहून." राहिले. इंजिनियर "ठीक आहे" म्हणाला. वाक्य काही परत घेतलं नाही.

१७ फेब्रुवारी

परत आले! त्याच कडेने, थोडे फिके. इंजिनियरने फोटो पाठवला, खाली एकच शब्द — "उखडणार." परवा माणसं येतायत.

घरचे म्हणतात, सोड आता, एका कामाने काय होतंय. धाकटीसुद्धा म्हणाली! नाही सोडत. मी बसवलेली फरशी आहे ती. मला ठाऊक आहे हे माझं नाही, आणि कुणाचं ते शोधणार.

१८ फेब्रुवारी

लेपाच्या कामासाठी दिलेली किल्ली माझ्याकडेच होती. कुणाला न सांगता गेले. दुपारचे अडीच. मालिशवाली जिना उतरून जाताना दिसली. बेल वाजवली नाही.

खुर्ची रिकामी. आई पॅसेजमध्ये उभ्या होत्या. उभ्या! भिंतीला तळवा टेकवून, अनवाणी, पाय तेलाने चकाकत. एक पाऊल. थांबल्या. दुसरं. मागच्या फरशीवर पाचही बोटं उमटलेली.

मला बघून दचकल्या नाहीत. घाम पुसला. "मालिश झाली की तासभर पाय ऐकतात माझं. तेल पुसायला वाकता येत नाही, काय करू? त्याला सांगू नकोस. सांगितलं की डॉक्टर आणेल, खुर्चीला बांधून ठेवेल. आज संध्याकाळी तो आला की मीच दार उघडायला जाणार आहे."

मी किल्ली हातात धरून पॅसेजच्या मधोमध उभी.

"बघतेस काय? बाजूला हो. बाल्कनी राहिलीय अजून."